तीन कुलपांचं कोठार

मी कुणावर उगाच आळ घेणारी बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्यामागे लोक काय काय बोलतात ते माझ्या कानावर आलंय. पण डोळ्यांवर कातडं ओढून बसणारीही मी नाही. आपलं धान्य आपण नाही राखायचं, तर काय पाखरांनी राखायचं?

आमचं कोठार घराच्या मागे आहे. जाड मातीच्या भिंती, एक दार, छपराजवळ हातभर झरोका, आणि आत माणूस उभा बुडेल एवढी मातीची कोठी. एकीच्या ऐपतीत एवढं बांधकाम बसणारं नव्हतं, म्हणून तिघींनी मिळून ते केलं. मी, माझी जाऊ आणि आमची नणंद चिमी. तिघींची ज्वारी एकाच कोठीत ओतायची, कुणाची किती पोती ते तिघींनाही तोंडपाठ, आणि विकली की त्या हिशोबाने वाटून घ्यायचं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर सुगीत सगळ्यांचंच धान्य एकदम बाहेर येतं. तेव्हा व्यापारी नाक मुरडून, उपकार केल्यासारखा घेतो. तेच धान्य पुढच्या पेरणीच्या तोंडावर, घराघरातली मडकी रिकामी झाली की, दीडपटीने जातं. मधले महिने दम धरायचा, बस. पण दम धरायलाही जागा लागते. आणि एकेकीकडे चार-पाच पोती असली तर व्यापारी दाराकडे फिरकतही नाही. आपणच वाहून न्यायची, तो म्हणेल त्याला मान डोलवायची. तिघींचं एकत्र असलं की तोच गाडी घेऊन अंगणात येतो आणि वहिनी-वहिनी करतो. आमच्याकडच्या व्यापाऱ्याला सगळे साखऱ्या म्हणतात. त्याची जीभ इतकी गोड, की भाव पाडून देतानाही आपलं काहीतरी चांगलं चाललंय असं वाटतं.

कोठाराची देखभाल चिमीकडे होती. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण ती अंगणापलीकडच्या खोलीत राहते आणि तिला ते आवडायचं. आठ-दहा दिवसांनी ती आत जायची, शिडीवर चढायची, कोठीचं झाकण काढून खांद्यापर्यंत हात धान्यात घालायची. कुठे ऊब लागते का, कुठे दाणे चिकटतात का, बघायची. दाणा दाताखाली धरून फोडायची. कट् असा आवाज आला की खूश. कोरडा वारा असेल त्या दिवशी झरोका आणि दार उघडं टाकून वरचा थर हाताने वरखाली करत बसायची. दाराला नुसती कडी होती. कधी कुणाला वावगं वाटलं नाही.

चिमी नवऱ्याशी पटेना म्हणून परत आली, तेव्हा ती खोली तिला मीच दिली, बरं का. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती माझा पदर धरून चालायची. तिच्या वेण्या मी घातल्यात, तिच्या उवा मी काढल्यात. परत आल्यावर तिने ओढ्याकाठचा एक तुकडा खंडाने घेतला. मालक खडूस. पेरणीआधी वर्षाचा खंड हातात ठेवला तर जमीन तुझी, नाहीतर दुसऱ्याची, असा त्याचा रोकडा न्याय. त्या तुकड्याखेरीज चिमीचं म्हणावं असं जगात काही नव्हतं. सुगीच्या भावाने विकून तिचा खंड भागत नसे, पेरणीच्या तोंडावरच्या भावाने भागत असे. म्हणजे कोठीतली ज्वारी नीट राहिली तर चिमीची जमीन राहिली. हे तिला माहीत, मला माहीत, सगळ्यांना माहीत.

तर त्या वर्षी सुगी होऊन तीन-चार महिने झाले असतील. मी साखऱ्याच्या दुकानात सुतळी आणायला गेले. त्याने गल्ल्यामागून एक वाटी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. वाटीत ज्वारीचे दाणे.

"वहिनी, हे दाणे ओळखता का?"

न ओळखायला काय झालं? आमच्या ज्वारीवर लालसर झाक असते. आमच्या तीन घरांखेरीज ते बियाणं कुणी पेरत नाही.

"आमचेच की. कुठून आले?"

"आले असेच," साखऱ्या हसला. "माल उत्तम आहे. तुम्ही म्हणत असाल तर आजच गाडी आणतो. कोठीत ठेवून काय, उंदीर खातात, किडे खातात, आणि माणसंही खातात."

माझ्या मनात पाल चुकचुकली. सुतळी तिथेच विसरून मी घरी आले.

आता तुम्हीच सांगा. जाऊ तर कोठाराकडे फिरकत नाही, तिला धुळीने शिंका येतात. मी जात नाही, माझे गुडघे शिडी चढू देत नाहीत. जातं कोण? चिमी. एकटी. पदर खोचून. आणि येताना मूठभर दाणे 'बघायला' म्हणून घेऊन येते. मूठ-मूठ करत पोतं व्हायला किती वेळ लागतो? आमच्या ह्यांना मी हे सांगितलं तर ते जेवताना मान वर न करता म्हणाले, "अगं, बहीण आहे माझी."

"म्हणूनच तुम्हाला दिसत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात चिमीच दारात आली. "वहिनी, भिंतीकडच्या कोपऱ्यात हाताला जरा ऊब लागतेय. उद्या ऊन पडलं तर अर्धी ज्वारी बाहेर काढून पसरू या का?"

बघा! अर्धी ज्वारी बाहेर! अंगणभर पसरली की त्यातली दोन पोती इकडची तिकडे झाली तर कुणाला कळणार? मी म्हटलं, "बघू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून कुलूप आणून कोठाराला ठोकलं.

जाऊने ते पाहिलं आणि तिचं नाक लाल झालं. "म्हणजे जाऊबाई, आम्ही चोर का?"

"तुला कोण म्हणतंय?"

"मग किल्ली तुमच्याकडेच का? कुंपणच शेत खायला लागलं तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

संध्याकाळी तिने तिचं कुलूप आणून माझ्या कुलपाशेजारी घातलं. माझ्याहून मोठं आणलं, मुद्दाम. चिमी भांडी घासता घासता दोघींकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल, शपथा घेईल. खऱ्या माणसाने रडायला नको? पण ती हात पुसत उठली, तिच्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप काढून आणलं आणि तेही घातलं.

"घ्या. आता तिघी असल्याशिवाय दार उघडायचं नाही. कुणाच्या मनात काही राहायला नको. पण वहिनी, दर आठवड्याला उघडू या हं."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, दर आठवड्याला उघडायची हिला एवढी घाई का?

पहिल्या आठवड्यात जाऊ माहेरी गेलेली, किल्ली कमरेला लावून. दुसऱ्या आठवड्यात ती आली तर मला ताप. तिसऱ्या आठवड्यात चिमी दोघींना हाताला धरून दारापर्यंत घेऊन गेली, तर जाऊ म्हणाली, "आधी जाऊबाईंनी उघडावं." मी म्हटलं, "आधी का म्हणून मी? मोठं कुलूप तुझं." यावरून जे सुरू झालं ते बिऱ्हाड वेगळं करण्याच्या वेळी चोरलेल्या कढईपर्यंत गेलं. कढई मी चोरली नव्हती, ती मला सासूबाईंनी दिली होती, पण तो विषय वेगळा. दार काही उघडलं नाही.

पाळत मात्र मी सोडली नाही. उंबऱ्यावर चाळून राख पसरून ठेवली. सकाळी बघते तर पावलं! मापून पाहिली, तर आमच्या ह्यांचीच निघाली. कोठाराच्या भिंतीला बाहेरून टेकवलेली शिडी न्यायला आले होते. राखेत पाय पडला म्हणून वर मलाच बोलले. मग मी चिमीच्या कोंबड्यांकडे लक्ष ठेवलं. इतक्या गुबगुबीत कशाने? एक धरून तिचा गळा चाचपून बघितला. आत दाणे होते, पण कुठले ते कसं कळणार? चिमीने मला कोंबडी बगलेत धरून उभी असलेली पाहिलं.

"काय गं वहिनी?"

"काही नाही. वजन बघत होते."

तिने कोंबडी माझ्या बगलेतून काढून घेतली आणि खुराड्याकडे गेली. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हटलं.

त्यानंतर हवा बिघडली. दिवसच्या दिवस आभाळ दाटलेलं, सकाळी दाट धुकं, वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओले. चिमी रोज यायला लागली. आधी सांगायची, मग विनवायची.

"वहिनी, अशा हवेत झरोका बंद ठेवायचा असतो, पण जरा कोरडं पडलं की लगेच उघडायला लागतो. कोपऱ्यात ऊब होती गं. ती पसरते. एकदाच उघडू. मी हात लावत नाही. तू शिडी चढ, मी खाली धरते. नाहीतर माझे हात मागे बांध हवं तर, पण उघड."

"तुला एवढी कसली काळजी लागलीय?" मी विचारलं.

"मला नाही लागणार तर कुणाला? माझी जमीन त्या कोठीत आहे."

आवाज चढला होता तिचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय? खरं सांगते, त्या क्षणी माझं मन जरा हललं होतं. तिचे डोळे लहानपणी ताप आल्यावर व्हायचे तसे झाले होते. पण मग ती वाटी आठवली. ते दाणे काय चालत गेले साखऱ्याच्या दुकानात? मी म्हटलं, "आता विकायच्या दिवशीच उघडायचं. सगळ्यांसमोर. तेव्हा काय ते दूध का दूध होईल."

जाऊने लगेच मान डोलावली. तिचा माझ्यावर संशय होता, माझा चिमीवर. चिमीचा कुणावर होता कोण जाणे. ती दाराच्या फटीला नाक लावून बसायची. एकदा मला म्हणाली, "वास येतोय, आंबूस गोड." मीही जाऊन हुंगलं. आला की वास. पण मला वाटलं, हिनेच फटीत काहीतरी लावलं असेल, दार उघडवायला. माणूस गरजेला काय काय करतो.

पेरणीचे दिवस जवळ आले. भाव चढला, अगदी मनासारखा. साखऱ्या गाडी घेऊन आला, सोबत दोन हमाल आणि रिकाम्या पोत्यांची थप्पी. आमचे हे, भाऊजी, शेजारपाजारचे, सगळे अंगणात जमले. मी सकाळपासून मनात ठरवत होते, कोठी किती रिकामी निघाली की काय बोलायचं. धान्य भरलं तेव्हा मी ह्यांच्याकडून कोठीच्या आतून कोळशाने रेघ मारून घेतली होती. चार पोती कमी, की सहा? सगळ्यांसमोर चिमीला काय विचारायचं, तेही ठरवलं होतं.

तिन्ही कुलपं निघाली. जाऊचं गंजलं होतं, त्याला तेल घालावं लागलं. दार ढकललं आणि आतून गरम हवा तोंडावर आली, चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडल्यावर येते तशी. हमाल मागे सरकला.

गुडघे दुखत असताना मीच शिडी चढले. झाकण काढलं. ज्वारी रेघेपर्यंत होती. बोटभरसुद्धा खाली नव्हती. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. एक दाणा गेला नव्हता.

"भरलेली आहे!" मी वरून ओरडले. आनंदानेच ओरडले, खोटं कशाला सांगू.

साखऱ्याने त्याची परखी, म्हणजे ती पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी, वर दिली. मी खुपसली. ती आत जाईना. जोर लावला तेव्हा कडकडत गेली, आणि बाहेर आली तेव्हा हाताला चटका बसला. नळीतून राखाडी, एकमेकांना चिकटलेला गोळा पडला. त्यात किडे वळवळत होते. तो वास सगळ्या अंगणात पसरला.

चिमी शिडीवर आली. मी बाजूला झाले. तिने बाही वर सारली आणि हात घातला, तिथे जिथे तिला पूर्वी ऊब लागली होती. खांद्यापर्यंत जाणारा हात कोपरावर अडला. बाहेर काढला तेव्हा कातडी लाल झाली होती. खाली उतरून भिंतीला टेकून उभी राहिली.

जाऊने तिथेच भोकाड पसरलं. "पहिलं कुलूप कुणी घातलं? सांगा ना, पहिलं कुलूप कुणी घातलं?" मी तिला म्हटलं, "आणि दार उघडायला आधी कोण नडलं?" बोलता बोलता माझाच आवाज मला कसातरी वाटायला लागला, म्हणून मी साखऱ्याकडे वळले. सगळा राग त्याच्यावर काढायचा होता.

"तुम्हाला आमचे दाणे कुणी विकले होते? आज सगळ्यांसमोर नाव घ्या!"

"विकले?" साखऱ्याने डोळे मोठे केले. "वहिनी, मी कधी म्हटलं कुणी विकले? सुगीत तुमच्या खळ्यावर भाव करायला आलो होतो, तेव्हा मीच एक मूठ उचलून नेली होती. तुमच्यासमोर. मी तर एवढंच विचारलं, ओळखता का."

आणि खरंच त्याने एवढंच विचारलं होतं. गोड माणूस. मी शिडीच्या पायरीवर बसले. ह्यांनी पाणी आणून दिलं. मग पाठ फिरवून हमालांबरोबर कोठी उपसायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

ज्वारी कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने गेली. वरचा थर तेवढा माणसांच्या खाण्याजोगा निघाला. चिमीच्या वाट्याला आलं त्यात खंडाचा पाव हिस्साही भरला नाही. आम्ही आमच्या वाटणीचं देऊ केलं, पण आमची वाटणी तरी काय होती? ती मालकाकडे मुदत मागायला गेली. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि जमीन दुसऱ्याला देऊन टाकल्याचं सांगितलं. चिमीने वर्षानुवर्षं वेचून बांधाला लावलेले दगडही त्याच्याच नावावर गेले.

मग ती आमची खोलीही सोडून गेली, आणि महिन्याभराने ऐकलं की चिमी साखऱ्याच्या गोदामात कामाला लागली. आधी माझं डोकं पुन्हा भलतीकडे धावलं. म्हटलं, बघा, आधीपासूनच संगनमत होतं यांचं! जाऊला सांगायलाही निघाले होते. अर्ध्या वाटेत माझी मलाच लाज वाटली. त्याने त्या दिवशी तिचा हात कोठीत जाताना पाहिला होता, बस, एवढंच. असा हात गोदामात हवा, हे त्या बेरक्याला लगेच कळलं. लोक सांगतात, शेकडो पोत्यांमध्ये ती एकटी फिरते, हवं ते पोतं उघडते, हवा तो दरवाजा उघडते. तो तिला काही विचारत नाही. ज्याने आमच्यात भांडण लावलं, त्या परक्या माणसाने तिच्यावर भरवसा टाकला. हे आठवलं की मला घास गिळवत नाही.

यंदा पीक चांगलं आलं. कोठी रिकामी आहे. जाऊ एकत्र ठेवायला तयार नाही आणि एकटीने ठेवायची मला छाती होत नाही. म्हणून सुगीतच, पडत्या भावाला, आमची पोती घेऊन मी साखऱ्याच्या गोदामात गेले. दोन्हीकडे पोत्यांच्या भिंती, मधे वजनकाटा, आणि काट्याशेजारी चिमी. मला बघून उठली, पाट पुढे सरकवला. तिने माझं पोतं सोडलं, हात खांद्यापर्यंत आत घातला. थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली. एक दाणा काढून दाताखाली धरला. कट् आवाज मलाही ऐकू आला.

"खणखणीत वाळलंय," ती म्हणाली. "हे ठेवलं असतंत तर पेरणीपर्यंत हललं नसतं. आत्ता देऊन टाकताय, तोट्यात जाल." आयुष्यात पहिल्यांदा ती मला अहो-जाहो करत होती.

मला राहवलं नाही. मी तिचा धुळीने माखलेला हात धरला. "मग चल ना गं घरी. ठेवू या. तुझा वाटा धर त्यात, ओढ्याकाठची नाही तर दुसरी जमीन बघू. दाराला कुलूप नाही लावणार, आईची शपथ. तू हवं तेव्हा आत जा, हवं तेवढं काढ. मी विचारणार नाही."

चिमीने हात सोडवून घेतला, पण झटकून नाही, हळूच. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मी भांडले असते, मला ते जमतं.

"नको वहिनी," ती म्हणाली. "तुम्ही विचारणार नाही, पण कोंबडी पुन्हा गुबगुबीत दिसली तर तुम्हाला झोप लागायची नाही. आणि मलाही नाही लागायची. इथे बरं आहे. इथे मी कुणाची कोणी नाही."

मागे कुणीतरी घाई करत होतं. चिमीने माझ्या पोत्याचं तोंड बांधलं, चांगल्या मालाची खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.